वाढीव खण

आमच्या घरांना पाया म्हणावा असा पाया नव्हता, हे सुरुवातीलाच सांगून टाकते. सहा खड्डे, सहा खांब आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आत चहा. जळगावात मेहरूणच्या पुढे, जिथे तेव्हा बाभळी आणि वीटभट्ट्या सोडून काही नव्हतं, तिथे आबांचा तयार घरांचा कारखाना होता. आबा म्हणजे आमचे मालक, सरकारी बांधकाम खात्यातून कंटाळून बाहेर पडलेले ओव्हरसियर. मी त्यांच्याकडे नकाशे काढायला होते. आयटीआयच्या वर्गात मी एकटीच मुलगी होते, आणि मुलाखतीला आलेल्या सगळ्यांत माझं अक्षर चांगलं होतं, एवढ्या भांडवलावर मला ती नोकरी मिळाली.

काय करता, असं कुणी विचारलं की मी म्हणायची, "घरं बनवते." त्यावर समोरची बाई हमखास विचारायची, "भातुकलीची का?" तिचा तरी काय दोष! आमचं दोन खणांचं घर साडेदहा फूट लांब आणि दहा फूट रुंद होतं. भिंती दीड इंचाच्या. सिमेंटच्या फळ्या आधी साच्यात ओतायच्या, आत लोखंडी जाळी, वर ओली गोणपाटं टाकून पंधरा-वीस दिवस पाणी मारायचं. खांबांना उभी खाच असे. जागेवर खड्डे करून खांब रोवले की फळ्या वरून त्या खाचेत सोडायच्या, एकीवर एक. छताला उलट्या पन्हाळीसारखे तुकडे. फळी चार माणसं उचलत. पिंपळाएवढी मोठी यंत्रं नाहीत, क्रेन नाही, काही नाही. शाळेला जादा खोली हवी, धरणावरच्या कामगारांना निवारा हवा, शेतात पंपाशेजारी राहायला जागा हवी, की लोक आमच्याकडे येत.

या घरांचं माप ठरलं एका चुकीतून, आणि ती चूक माझी. मी शिकून आलेली, त्यामुळे पहिला नकाशा मीटरमध्ये काढला. आमचे मुख्य मिस्त्री सुकलाल, धुळ्याकडचे. त्यांनी नकाशा उलटा धरला, सुलटा धरला आणि मान हलवली. खांब मी उभी राहून मीटरनं रोवून घेतले, फळ्या त्यांनी आपल्या मापानं ओतल्या. फळ्या जागेवर नेल्या तर एकही खाचेत जाईना. चार बोटं लांब. मी रडकुंडीला आले.

"मिस्त्री, नकाशात दीड मीटर लिहिलंय ना!"

"ताई, मीटर माले समजस नही," सुकलाल शांतपणे म्हणाले. "खण समजस. खण म्हंजे हाई इतला." आणि त्यांनी दोन्ही हात पसरले.

खण म्हणजे दोन तुळयांमधली जागा. आपल्याकडे घर मोजायचं ते खणांनी. कुणाचं पाच खणी, कुणाचं सात खणी. खोल्या किती हे कुणी विचारत नाही. सुकलालचा खण म्हणजे त्यांची एक वाव, दोन पसरलेल्या हातांमधलं अंतर. मी टेप लावला. पाच फूट तीन इंच. आबांनी त्या दिवशी माझ्यावर आवाज चढवला नाही, साचे मोडून नवे करणं परवडणार नाही एवढंच म्हणाले. मी रात्रभर नाही, पण चांगले चार दिवस विचार केला आणि सगळे नकाशे खणात उतरवले. गिऱ्हाइकाला दोन खण हवेत, तीन हवेत, त्यानं सांगावं. तेव्हापासून आमच्या कारखान्यातून गेलेलं प्रत्येक घर सुकलाल मिस्त्रींच्या कवेच्या मापाचं होतं, आणि लोकांना ते माप आपोआप कळायचं.

एवढ्याशा जागेत माणसानं राहायचं कसं, हे मात्र माझं खातं. खाट मी भिंतीला बिजागरीवर टांगली. दिवसा ती उभी असे आणि तिच्या पाठीला बसवलेल्या फळ्यांवर कपडे राहत. उंबऱ्याबाहेरची पायरी आतून पोकळ, झाकण उचललं की धान्याची पेटी. ओट्याखाली पाण्याचे हंडे. तरी बायका नाराज. "भिंतीत देवळी नाही, दिवा कुठं ठेवायचा?" दीड इंचाच्या भिंतीत देवळी कुठून आणणार? शेवटी एका फळीचा साचाच असा केला की मधला चौकोन बाहेर फुगलेला निघेल. बाहेरून टेंगूळ, आतून देवळी. आबा म्हणाले, "कुमुद, भिंतीला गालगुंड झालंय." पण पुढे गिऱ्हाईक आधी देवळीच्या फळीबद्दल विचारू लागलं.

हे सगळं मला सुचायचं त्याचं कारण खरं सांगायचं तर लाजिरवाणं आहे. मी भावाच्या घरी राहत होते, आणि तिथे माझी जागा म्हणजे स्वयंपाकघर आणि पुढची खोली यांच्यामधली बोळकांडी. खाट टाकली की जायला वाट उरत नसे, म्हणून सकाळी सगळ्यांच्या आधी उठून ती उभी करायची. माझी ट्रंक खाटेच्या पाठीला. दुसऱ्यांच्या घरांसाठी मी जे जे काढलं ते आधी त्या बोळकांडीत निजून मनात काढलेलं होतं. मला एक खण हवा होता. फार नाही, एकच, पण त्याचं दार मी लावलं तर लागावं आणि मी उघडलं तर उघडावं असा.

निर्मला कारखान्यात आली ती अशीच एका दुपारी, एसटीच्या धुळीनं माखलेली, हातात काळी पर्स. पिंपळनेरच्या पलीकडे एका आरोग्य उपकेंद्रात ती नर्स होती. आल्या आल्या तिनं आबांना विचारलं, "हे घर सोडवता येतं का?"

आबांनी चष्मा काढला. "बाई, घर बांधायचं असतं. सोडवायची ती गाठ."

"माझी दर तीन-चार वर्षांनी बदली होते. मला घर बरोबर न्यायचंय."

"सरकार क्वार्टर देत नाही?"

"देतं ना, कागदावर."

"मग भाड्याची खोली..."

निर्मला हसली. "खोली असते, आबा. आधी विचारतात, माणसं किती? मी एकटीच. बरं वाटतं त्यांना. मग विचारतात, गाव कोणतं? सांगते. मग आडनाव विचारतात. आडनाव सांगितलं की त्यांना एकदम आठवतं, खोली भाच्यासाठी ठेवलीय. तीन गावं फिरले. आमच्या जिल्ह्यात भाचे फार झालेत."

आबांनी चष्मा पुन्हा चढवला. मग मला म्हणाले, "कुमुद, बघ गं काही होतंय का."

आमची घरं उभी राहायची पटकन, पण सांधे सिमेंटनं भरलेले. सोडवायला गेलं तर फळ्या फुटणार. मी डोकं खाजवत हिंडत होते. त्याच आठवड्यात जत्रा उठली. आकाशपाळण्याची माणसं पाळणा उतरवत होती. प्रत्येक तुकड्यावर रंगानं आकडा, प्रत्येक सांध्याला बोल्ट, आणि एवढा मोठा पाळणा जेवणाच्या वेळेपर्यंत दोन ट्रकमध्ये. मी तिथे इतका वेळ उभी राहिले की त्यातल्या एकानं मला विचारलं, ताई, पाळणा विकत घ्यायचाय का?

मी सिमेंटच्या जागी डांबराच्या पट्ट्या घातल्या आणि खांब, आडव्या तुळया, छताचे तुकडे, सगळं बोल्टवर घेतलं. दोन-दोन खांबांच्या तीन चौकटी, मध्ये दोन खण. प्रत्येक फळीवर तेलरंगानं आकडा. शेवटच्या चौकटीला मी बाहेरच्या बाजूनं सहा भोकं जास्तीची ठेवली, लाकडाच्या खुंट्या डांबरात बुडवून ती बंद केली. घर वाढवायचं झालं तर शेवटची भिंत काढून पुढे न्यायची आणि मध्ये नवा खण घालायचा. या वाढीव खणाला चौकट एकच लागते, कारण त्याची दुसरी बाजू आधीच्या घराची असते. आमच्या धंद्यातली ही मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. हिचा नकाशा काढून झाल्यावर मी तो घरी नेऊन वहिनीला दाखवला होता. ती म्हणाली, छान आहे, आता खाट उचल, मला दळण न्यायचंय.

उपकेंद्रामागची पडीक जागा डॉक्टरांनी तोंडी दिली. घर उभं करायला मी, सुकलाल आणि चार माणसं गेलो. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी निर्मलानं आत स्टोव्ह पेटवला आणि पहिला चहा केला. देवळीत तिनं एक लहानशी बुद्धमूर्ती ठेवली. मग घराभोवती एक चक्कर मारून आली.

"ही भोकं कशाला ठेवलीस?"

"घर वाढलं तर."

"कुणासाठी वाढणार?" ती म्हणाली, आणि आम्ही दोघी उगाचच हसलो.

निघताना मी तिला एक पाना दिला आणि घर कसं उतरवायचं ते क्रमानं लिहिलेला कागद. आधी छत, मग भिंती वरून खाली, मग आडव्या, शेवटी खांब. आकडे जपायचे. तिनं तो कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला.

मग मी 'घराची पाहणी' करायला वर्षातून दोनदा जाऊ लागले. कारखान्याच्या दुसऱ्या कुठल्या घराची अशी पाहणी होत नव्हती, पण आबा काही बोलले नाहीत. दोन दिवस राहायची. ती उपकेंद्रात गेली की मी पायरीवर बसून तांदूळ निवडायची, ती आली की गरोदर बायका, लसीचा डबा, बंद पडलेली एसटी यांच्या गोष्टी सांगायची. घरात खाट एकच, म्हणून एक जण खाली. कोण खाली निजणार यावर रोज भांडण, आणि रोज मीच जिंकायची. ते दोन दिवस मी बोळकांडीतली बाई नसे. परत येताना साक्री येईपर्यंत माझ्याशी कुणी बोललेलं मला आवडत नसे.

तिची बदली झाली. यावेळी धुळ्याजवळच्या एका खेड्यात. घर एका दिवसात उतरलं, दोनच फळ्या फुटल्या. आमचा ट्रक नव्या गावात शिरला तेव्हा रस्त्यावरची पोरं ट्रकमागे ओरडत धावली, "घर उनं! घर उनं!" नवरी आली, पाहुणे आले, असं गावानं ऐकलेलं. घर आलेलं कुणी पाहिलं नव्हतं. एक म्हातारी तर पाण्याचा तांब्या घेऊन पुढे आली. घराच्या पायांवर घालायचा की माणसांच्या, हे तिला कळेना, म्हणून तिनं ट्रकच्या चाकावर घातला. माझ्या सगळ्या नोकरीत एवढा अभिमान मला कधी वाटला नाही.

त्या खेपेला निर्मलानंच एकत्र राहण्याचा विषय काढला. आबा धुळ्याला दुसरा कारखाना काढायच्या विचारात होते, हे मीच तिला सांगितलं होतं.

"मग तू धुळ्याला काम माग आणि ये की राहायला. तिसरा खण लाव."

"लोक काय म्हणतील?"

"लोक मला खोली देत नाहीत. आता ते काय म्हणतील याचीही काळजी मीच करू?"

भाऊ, वहिनी, त्यांचे नातेवाईक, आडनाव, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं. मी म्हटलं, "बघते."

"बघ," ती म्हणाली. "मी परत विचारणार नाही. तू खण ओतलास की मला समजेल."

बघायला मी एक वर्ष घेतलं. एवढ्या काळात मी दुसऱ्यांसाठी किती खण काढले असतील! शेवटी एक दिवस सुकलालना म्हटलं, "मिस्त्री, एक वाढीव खण ओतायचाय." कुणाचा, असं त्यांनी विचारलं नाही. देवळीच्या फळीसकट सगळा खण ओतला. आकड्यांपुढे मी माझ्या हातानं 'ति' लिहिलं, तिसरा म्हणून. आबांना धुळ्याच्या कामासाठी अर्ज दिला. आणि निर्मलाला लिहिलं, "जळगावला ये, काहीतरी दाखवायचंय." घरी मात्र एक शब्द बोलले नाही. धीर इतपतच आला होता.

आणि नेमकं तेव्हाच सावद्याहून बोलावणं आलं.

सावद्याच्या नानांची थोडी ओळख करून द्यायला हवी. केळीचे मोठे बागाईतदार. त्यांनी बागेत राखणदारासाठी आमचं दोन खणांचं घर घेतलं आणि दोन महिन्यांत मुलांशी भांडून स्वतःच तिथे राहायला गेले. पहिल्या उन्हाळ्यात त्यांचा निरोप आला होता: "काय वं माय, हे घर हाये का भट्टी?" ते खरंच होतं. आमची घरं मे महिन्यात तापायची, आणि हा दोष आम्हाला शेवटपर्यंत धड काढता आला नाही. नानांनी आपला उपाय केला. छतावर केळीची वाळलेली पानं टाकली. घर गार झालं. मग पानांवर माती टाकली, अजून गार झालं. मग मातीत दोडक्याचा वेल लावला आणि त्याला रोज पाणी घालू लागले. आता छत वाकलं होतं, आणि नाना आतून बाहेर यायला तयार नव्हते.

आबा, मी, सुकलाल, सगळेच निघालो. कारखान्याला कुलूप लावलं. तिथे पोचलो तर नाना वाकलेल्या छताखाली खाटेवर बसलेले.

"नाना, आधी बाहेर या. आम्ही टेकू लावतो, मग आत जा."

"बाहीर आलो की पोरं घरी नेतीन. मी नाही जात पोराईकडे. पडू दे छत मह्या आंगावर. हे मह्या नावाचं घर हाये."

शेवटी त्यांना आतच ठेवून आम्ही टेकू लावले, माती खरवडली, दोडका काढला. दोडका काढताना ते रडले. चार दिवस गेले. मला त्यांचा राग येत होता आणि हेवाही वाटत होता. सत्तरीचा म्हातारा आपल्या दोन खणांसाठी छताखाली बसून राहतो, आणि मी घरी साधं तोंड उघडू शकत नाही.

परत आले तर वहिनीनं हसतमुखानं दार उघडलं.

"तुझी ती सिस्टर येऊन गेली रविवारी. आधी कारखान्यावर गेली होती म्हणे, कुलूप होतं. पण काळजी करू नको, मी तिचं काम केलं."

"कसलं काम?"

वहिनीनं पोस्टकार्ड पुढे केलं. मी निघाले त्याच्या दुसऱ्या दिवशी ते आलं होतं. त्यावर एवढंच होतं: "कुमुद, रविवारी येते. एक खण तयार ठेव. निर्मला."

"मी म्हटलं, बाईनं तोंडानं मागितलाय, चांगलाच द्यावा. बाजारात जाऊन हिरवा, जरीकाठी खण आणला. लग्न झालेलं नसलं म्हणून काय झालं, दारात आलेल्या बाईला रिकाम्या हातानं कशी पाठवायची?"

वहिनी सांगत राहिली. निर्मला दारात उभी राहिली. आत ये, असं वहिनी म्हणाली नाही. तिनं निर्मलाच्या हातावर साखर ठेवली आणि चोळीचा खण दिला. निर्मलानं त्या कापडाकडे बघून विचारलं, "हा कुमुदनं दिला?"

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"हो म्हटलं. म्हटलं, तिनंच सांगून ठेवलंय, आली की द्या. माझं नाव कशाला सांगायचं? मैत्रीण तुझी, तुझ्याच हातचं म्हटलेलं बरं दिसतं."

"ती काय म्हणाली?"

"'बरं. खण मिळाला म्हणून सांगा,' म्हणाली. पाणी नको म्हणाली. शांत बाई आहे."

वहिनी वाईट नव्हती. हे मी तेव्हाही म्हटलं, आताही म्हणते. घराचा खण कोण पोस्टकार्डावर मागतं, हे तिचं म्हणणंही खरंच. पण घरातून निघालेल्या बाईच्या हातात खण ठेवणं याला आपल्याकडे बोळवण म्हणतात, आणि त्या शब्दाचे दोन्ही अर्थ निर्मलाला माहीत होते. तिनं मला राहायला जागा देऊ केली होती. मी दारातच कापडाचा तुकडा देऊन तिची बोळवण केली, असं तिला वाटलं. खरा खण कारखान्यात फाटकापासून वीस पावलांवर, ओल्या गोणपाटाखाली होता. तिनं फटीतून पाहिलं असतं तर दिसला असता.

तुम्ही म्हणाल, मग त्याच दिवशी एसटी का पकडली नाही? मीही हेच म्हणते. आधी नानांच्या छताचं राहिलेलं काम निघालं. मग आबा आजारी पडले. पण ही सगळी सांगायची कारणं झाली. खुलासा करायचा तर मला तोंडानं म्हणावं लागलं असतं, मी तुझ्याकडे राहायला येते. जे बोलावं लागू नये म्हणून मी आख्खा खण ओतला होता, तेच. आज जाऊ, पुढच्या रविवारी जाऊ, असं करत तीन महिने गेले. मनाला समजावत होते, घर काय कुठं पळून जातंय?

दुसऱ्या कुणाचं असतं तर नसतंच पळून गेलं.

दिवाळी झाल्यावर मी ट्रकमध्ये तिसरा खण भरला, सुकलालना घेतलं आणि धुळ्याकडे निघाले. वाटेत पारोळ्याला चहा घेतला तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "बठ्ठं बराबर व्हई, ताई." सगळं नीट होईल, असा त्यांचा विश्वास होता. गावात शिरलो. उपकेंद्र होतं. शेजारी जमिनीत सहा खड्डे होते. दोन-दोनच्या तीन ओळी, पाच फूट तीन इंचांवर. मला मोजायची गरज नव्हती.

"ताई, घर तं गयं," सुकलाल म्हणाले.

चाकावर पाणी घालणारी म्हातारी बाहेर आली. "सिस्टर गयी. घर बी लई गयी." तिनंच सांगितलं, सिस्टरनं आपणहून दुसऱ्या जिल्ह्यात बदली मागून घेतली, धुळ्याहून चार माणसं आणली, आणि पर्समधून एक कागद काढून तो वाचत वाचत घर उतरवलं. एका दिवसात. एकही फळी फुटली नाही.

कागद माझा, पाना माझा, बोल्टही माझेच. माझं सगळ्यात चांगलं काम ते हेच.

आरोग्य खात्याच्या धुळ्याच्या कचेरीतून मी पत्ता मिळवला आणि फक्त 'घर नीट उभं राहिलं का' एवढंच लिहिलं. बाकीचं पुढच्या पत्रात लिहू, असं ठरवून. तिचं उत्तर आलं. ते कार्ड माझ्यासमोर आहे. "घर इथे नीट उभं राहिलं. तिसऱ्या खणाची गरज पडली नाही. तुमचा खण जपून ठेवला आहे." 'तुमचा.' एवढी वर्षं मी तिची 'तू' होते. एका खाटेवरून भांडलेल्या माणसाला 'तुम्ही' म्हटलं की पुढे काय लिहायचं, हे मला समजलं नाही. मी पाच पत्रं लिहिली आणि एकही टाकलं नाही. पुढे टाकलं ते परत आलं. तोवर तिची तिथूनही बदली झाली होती, आणि घर अर्थातच तिच्याबरोबर गेलं होतं.

धुळ्याचा कारखाना कधी निघालाच नाही. नव्वदनंतर विटा, सळया, ठेकेदार सगळीकडे मिळू लागले. तयार घर म्हणजे गरिबाचं घर, असं लोकांना वाटायला लागलं. आबा गेले आणि त्यांच्या मुलानं जागा विकली. शेवटच्या दिवशी तो म्हणाला, ज्याला जे हवं ते न्या. लिंबाखाली, धुळ्याहून परत आणलेला तिसरा खण तसाच टेकून ठेवलेला होता, आकडे स्पष्ट. मी सुकलालना विचारलं, "हा माझ्या भावाच्या अंगणात उभा करता येईल का?" प्रश्न वेडगळ होता. उत्तर मला माहीत होतं, नकाशा मीच काढला होता.

"हाऊ खण एकला उभा ऱ्हास नही, ताई," ते म्हणाले. "त्याले पयलं घर लागस." आणि मग दुसरीकडे बघून, "लई चाला तरी."

तो टेम्पोत घालून आणला. आज मी बिल्डरनं बांधलेल्या इमारतीत तळमजल्यावर एकटी राहते. दार मी लावलं की लागतं, उघडलं की उघडतं. ज्याची आयुष्यभर हौस होती ते मिळालं, आणि त्यात संध्याकाळी बोलायला कुणी नाही. मागच्या मोकळ्या जागेत भिंतीला लावून तो खण ठेवला आहे. सोसायटीची माणसं दरवर्षी विचारतात, हे सामान कधी हलवणार? मी म्हणते, ज्यांचं आहे त्यांना कळवलंय.

कळवलेलं नव्हतं. ते आज कळवते, या दिवाळी अंकातून. उपकेंद्रात दिवाळी अंक फिरतात, जुने अंक पुडक्यात राहतात, कुणीतरी तुला दाखवेल.

निर्मला, तो हिरवा खण मी दिलेला नव्हता. तू आलीस त्या रविवारी मी सावद्याला एका म्हाताऱ्याच्या छताला टेकू लावत होते, आणि तुझा खण ओतून झाला होता. तुझ्या घराच्या शेवटच्या चौकटीला बाहेरच्या बाजूनं सहा भोकं आहेत. त्यात डांबरात बुडवलेल्या खुंट्या आहेत. त्या अजून तशाच असतील, भोकं तू बुजवली नसशील, तर पत्ता कळव. फळ्या सगळ्या शाबूत आहेत. बोल्ट गंजले होते, ते मी गेल्या आठवड्यात नवे आणले.